मुहूर्ताचा भाव पहिल्या पानावर: एका बाजार-संपादकाचं प्रकरण

२०२२ची दिवाळी संपली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत कापसाचा मुहूर्त, म्हणजे हंगामातल्या खरेदीची सुरुवात, झाली. पहिल्या बंडीच्या बैलांना हळद-कुंकू लावलं. शेतकऱ्याला शेला-श्रीफळ दिलं. सभापतींनी काट्याची पूजा केली. मग हर्रास सुरू झाला आणि व्यापाऱ्यांनी बोली चढवत चढवत पाच आकड्यांवर नेली. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर चार कॉलमी मथळा होता: ‘कापूस दहा हजारांपार’.

त्याच अंकात नवव्या पानावर, बाजारभावाच्या तक्त्याखाली, सहा ओळींची एक टीप होती. मुहूर्ताचा भाव मानाचा असतो, तो पहिल्या पाच-सहा बंड्यांना मिळाला, दुपारनंतर आलेला माल बराच खाली गेला, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. मथळा आणि टीप, दोन्हींमागची माहिती एकाच माणसाने आणलेली होती. तो माणूस म्हणजे आमचे बाजार-संपादक. कार्यालयात आणि बाजारात सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही तेच म्हणतो. नाव लिहिणार नाही, त्यांना ते नको आहे. मी त्या रात्री पहिल्या पानाचा उपसंपादक होतो. तो मथळा मी लावला.

हे प्रकरण मी तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या तरुण वार्ताहरांना दोन वर्षांपासून सांगतो आहे. दर वेळी कुणीतरी विचारतं, यात चूक कुठे होती, आकडा तर खरा होता. म्हणून आता सगळं नीट लिहून काढतो.

मापाऱ्याचा मुलगा

भाऊंचे वडील बाजार समितीत मापारी होते. शाळा सुटली की भाऊ आवारात. कापूस मुठीत दाबून सोडला की तो कसा फुलतो, बोटांना थंड लागतो की कोरडा, सरकी दातांखाली कुटकन फुटते की दबते, हे त्यांना दहावीच्या आधीच कळत होतं. पुढे बी.कॉम. केलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अंशकालीन वार्ताहर म्हणून ते या धंद्यात आले. बातमीचा लिफाफा संध्याकाळच्या शेवटच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचा, तो रात्री नागपूरला पोचायचा आणि तिसऱ्या दिवशी छापून यायचा. घाईची बातमी असली की ट्रंक कॉल.

गंमत नाही, पण त्या काळात कापसाचा भाव ही बातमीच नव्हती. १९७१च्या कायद्याने आलेली एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२पासून सुरू होती. कापूस पणन महासंघालाच विकायचा, भाव सरकारने ठरवलेला. बातमी असायची ती चुकाऱ्याची, म्हणजे पैसे कधी मिळणार याची. ग्रेडरने चांगला माल खालच्या ग्रेडला टाकल्याची. संकलन केंद्राबाहेर दोन-दोन दिवस थांबलेल्या बंड्यांची, थंडीत बंडीखाली गोणपाट पांघरून झोपलेल्या माणसांची. शेजारी भाव जास्त असला की रात्रीतून माल आदिलाबादकडे नाहीतर पांढुर्ण्याकडे निघायचा, त्याची. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा तेव्हा गावोगावच्या भिंतींवर होती आणि भाऊंची निम्मी बातमीदारी त्याच भिंतींच्या आसपास झाली.

नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला. व्यापारी उघडपणे खेडा खरेदीला उतरले, कापसातून सरकी वेगळी काढणारे जिनिंगवाले थेट माल घेऊ लागले, सीसीआय, म्हणजे केंद्राचं कापूस महामंडळ, हमीभावाच्या वेळी मैदानात येऊ लागली. आता रोज सकाळी भाव वेगळा आणि हिंगणघाटचा वेगळा, वणीचा वेगळा, राळेगावचा वेगळा. माझ्या मते विदर्भाच्या खेड्यातला बाजार-संपादक खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आला. त्याआधी शेतकऱ्याला वर्तमानपत्राकडून न्याय हवा होता. आता त्याला सकाळी सहा वाजता आकडा हवा होता, आणि त्या आकड्यावर तो ट्रॅक्टर भरायचा की नाही हे ठरवणार होता.

भाऊंना जिल्हा आवृत्तीचं व्यापार पान मिळालं ते याच सुमारास. मुंबईच्या अर्थविभागासारखी तिथे चार-पाच माणसं नव्हती. पान म्हणजे ते एकटे. सोन्याचा भाव, तूर, सोयाबीन, कापूस, सरकी, ढेप, पतसंस्थांच्या वार्षिक सभा, बँकेची कर्जमर्यादा, सगळं त्यांच्याकडे. प्रेस कौन्सिलने आर्थिक पत्रकारितेसाठी काही तत्त्वं घालून दिली आहेत: ज्यात आपला पैसा आहे त्यावर लिहू नये, छापण्याआधी हाती आलेली माहिती स्वतःच्या किंवा नातलगांच्या फायद्यासाठी वापरू नये, भेटी घेऊ नयेत. शेअर बाजारावर लिहिणाऱ्याला हे पाळता येतं, शेअर घेतले नाहीत की झालं. भाऊंच्या एकत्र कुटुंबाची चार एकर कपाशी होती. कापसावर लिहायचंच नाही असं म्हटलं तर पानच कोरं राहिलं असतं. त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला. संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी घरचा सगळा कापूस विकायचा, भाव काहीही असो. वीस वर्षं तो सोमवार त्यांनी मोडला नाही. २०२२च्या जानेवारीत भाव चढत होता, घरच्यांनी हातापाया पडून विनवलं, तरी गाडी भरली. पुढच्या महिन्यांत भाव आणखी वर गेला, त्यावरून वहिनी आठवडाभर बोलल्या नव्हत्या. मला हा माणूस मोठा वाटतो तो अशा गोष्टींमुळे.

ती रात्र

आता ऑक्टोबर २०२२ची संध्याकाळ.

दूरच्या खेड्यांत जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं साडेनऊला सुटायची. नऊच्या सुमारास पहिल्या पानाची मुख्य बातमी गळाली, ती ज्यांच्यावर होती त्यांनी कागद दिले नाहीत. जागा मोकळी. तालुक्याच्या वार्ताहराने व्हॉट्सअॅपवर मुहूर्ताचा फोटो टाकलेला होता: हार घातलेली बंडी, फेटेवाला शेतकरी, मागे व्यापारी ओळीने उभे. फोटो सुंदर होता. मी भाऊंना टेबलावरूनच विचारलं, ‘भाऊ, कितीला गेला?’ त्यांनी आकडा सांगितला आणि मान वर न करता म्हणाले, ‘मुहूर्ताचा आहे तो. खाली टीप आहे, वाच.’ मी आकडा ऐकला. टीप वाचली नाही.

नऊ वीसला पानाची प्रत त्यांच्याही हाती गेली. त्यांनी मथळा पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. काही बोलले नाहीत. पुढे कधीही हा विषय निघाला की ते स्वतःला एवढंच विचारत, मी तेव्हा उठून त्याच्या टेबलापर्यंत का गेलो नाही. पंधरा पावलांचं अंतर होतं.

त्या अंकात आणखी एक गोष्ट होती आणि ती लपवून हे प्रकरण लिहिता येणार नाही. सहाव्या पानावर बाजारातल्या व्यापाऱ्यांची पाव पान जाहिरात होती, हंगामाच्या शुभेच्छांची. ती आणली होती त्याच वार्ताहराने, ज्याने फोटो पाठवला. आमच्याकडे तालुक्याचा वार्ताहर बातमीही देतो, अंकाचं वाटपही पाहतो आणि जाहिरातही आणतो, त्याचं घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. मथळा जाहिरातीसाठी लावला असं मी म्हणणार नाही, कारण तो मी लावला आणि मला त्या जाहिरातीची खबरही नव्हती. पण व्यापाऱ्यांना मुहूर्ताचा भाव गाजायला हवा असतो. त्याने आवक खेचली जाते, बाजाराचं नाव होतं. पाच बंड्यांवर हजार-दोन हजार जास्त मोजणं त्यांना परवडतं. हे सगळं भाऊंना पाठ होतं. मला नव्हतं, आणि मला ते ठाऊक असायला हवं होतं.

पानं सुटल्यावर भाऊंनी मला बोलावलं आणि प्रूफच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, ६४ किलो सरकी, बाकी घट. न्यूयॉर्कच्या वायद्यात रुई मे महिन्यात पौंडाला दीड डॉलरच्या वर गेली होती. त्या आठवड्यात ती ७२ सेंटच्या आसपास होती, म्हणजे निम्म्याहून कमी. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, डॉलर साडेब्याऐंशीचा. किलोला १३१ रुपये झाले. ३४ किलोचे ४,४५४. सरकी क्विंटलला साडेतीन हजार धरली तर ६४ किलोचे २,२४०. बेरीज ६,६९४, जिनिंगचा खर्च त्यातूनच जायचा. त्यात परदेशातून माल आणायचं भाडं, विमा, आपल्याकडच्या गिरण्यांची गरज, यंदाच्या अतिवृष्टीने घटलेलं पीक, हे सगळं मोकळ्या हाताने धरा. ‘आठ,’ ते म्हणाले. ‘फार ओढलं तर साडेआठ. दहा बसत नाही कुठेच.’ मग कागदाच्या कडेला त्यांनी एक ओळ लिहिली: न्यूयॉर्कला एक सेंट हलला की आपल्या क्विंटलमागे साठ रुपये.

कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क त्या एप्रिलपासून माफ होतं आणि ती माफी ऑक्टोबरअखेर संपणार होती, हेही त्यांनी कोपऱ्यात टिपलं होतं.

हा हिशेब दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर यायला हवा होता. मी तसं म्हणालोही. भाऊ म्हणाले, ‘उद्या व्यापार पानावर घेऊ.’ घेतला. नवव्या पानावर.

शेतकऱ्यांनी विश्वास का ठेवला

मथळा वाचून लोक फसले असं म्हणणं शेतकऱ्यांवर अन्याय आहे. त्यांच्यापाशी ताजा अनुभव होता. २०२१-२२च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ होता आणि बाजार दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी दसरा-दिवाळीला विकला त्यांनी हात चोळले, ज्यांनी थांबून विकला त्यांच्या घरावर नवे पत्रे चढले. गावात दोन्ही घरं समोरासमोर दिसत होती. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या पावसाने यवतमाळ-वर्धेत शेतं खरडून गेली, पीक कमी म्हणजे भाव जास्त, हा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त भाव ठरवणारा कापूस त्याच्या तालुक्यातला नसतो, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. आमचा मथळा त्याच्या मनात आधीच असलेल्या गोष्टीवर शिक्का मारून गेला.

शिक्का हा शब्द मी जाणून वापरतो. वऱ्हाडात छापलेल्या आणि फळ्यावर लिहिलेल्या भावाला जुनं वजन आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंज्याला सुरू झाला, त्यापाठोपाठ १८९७चा वऱ्हाडचा बाजार कायदा आला. माप चोख असावं, सौदा उघड्यावर व्हावा, म्हणजे शेतकऱ्याला कानगोष्टींवर विसंबावं लागू नये, हा त्यामागचा विचार होता. आज गावात कुणी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, पण ‘पेपरात आलं आहे’ म्हटलं की वाद मिटतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भाव साडेआठ हजारांच्या आगेमागे होता. आवक रोडावलेली. भाऊ रोज तक्त्यात आकडे देत होते. लोक थांबले होते.

कात्रण

फेब्रुवारीत एक शेतकरी कार्यालयात आला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल. बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात त्याने आमच्या अंकाचं कात्रण घडी करून ठेवलं होतं. तो भाऊंच्या टेबलासमोर उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही.

‘हे तुमच्याच पेपरातलं आहे ना जी?’

‘हो, आमचंच.’

‘अठरा क्विंटल हाय घरात. दहाच्या वर जाईन म्हनून ठेवला. आता आठाच्याही खाली मागून रायले. तुमीच सांगा मले, अजून थांबू का इकू?’

चिडलेला नव्हता तो. चिडला असता तर बरं झालं असतं. डॉक्टरला विचारावं तसं त्याने विचारलं.

भाऊ म्हणाले, ‘मी भाव सांगू शकतो जी, काय करायचं ते नाही सांगू शकत.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पण आमच्या मथळ्याने तुम्हाला थांबा म्हटलं, हे खरं आहे.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तीन टेबलं पलीकडे होतो आणि सगळं ऐकत होतो.

एप्रिलच्या शेवटी भाऊ त्याच्या गावी गेले, मलाही सोबत नेलं. दोन खोल्यांचं घर. आतली खोली छताच्या आड्यापर्यंत कापसाने भरलेली, दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर कापूस ओघळला. बायको, सून, दोन नातवंडं ओसरीत झोपत होती. लेकराच्या मानेवर, कोपराच्या खोबणीत लाल पुरळ होतं. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, त्या उन्हाळ्यात कित्येक गावांत हीच तक्रार होती. भाऊंनी कापसात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बाहेर काढला, उजेडात धरला. पिवळसर झाक आली होती. त्यांनी तो बराच वेळ मुठीत धरला आणि मग परत खोलीत टाकायच्या ऐवजी दारातल्या टोपल्यात हलकेच ठेवला.

३१ मार्चला त्याने पीक कर्जाचं नवं-जुनं केलं होतं. वेळेत फेड झाली तर व्याज माफ असतं, ती सवलत जाऊ नये म्हणून गावातल्याच एकाकडून व्याजाने पैसे काढून बँकेत भरले. बँकेचं व्याज वाचलं, गावातल्याचं सुरू झालं. पेरणीसाठी कृषी केंद्रावर उधारी. जूनमध्ये मृगाच्या आधी त्याने कापूस काढला तेव्हा भाव सात हजारांवर आला होता आणि अठरा क्विंटलचा सतरा भरला, बाकी वाळून घटला. डिसेंबरात त्याला एक लाख त्रेपन्न हजार मिळाले असते. एक लाख एकोणीस मिळाले. चौतीस हजारांचा फरक, गावातल्याचं व्याज वेगळं.

हा फरक आमच्या मथळ्याचा, असं सरळ म्हणता येत नाही. मथळा नसता तरी तो थांबला असता कदाचित. पण ते कात्रण त्याने चार महिने जपलं होतं.

खुलासा कशाचा

भाऊंनी पहिल्या पानावर खुलासा छापायचा आग्रह धरला. निवासी संपादकांचं म्हणणं होतं की खुलासा चुकीच्या बातमीचा असतो. आकडा खरा, फोटो खरा, टीप त्याच अंकात. मग खुलासा कशाचा? त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. प्रत्येक भाव पडला की खुलासा मागायला लोक आले तर वर्तमानपत्र कसं चालवायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

भाऊ म्हणाले, ‘आकडा खरा होता साहेब. पण तो बाजाराचा भाव नव्हता. आपण त्याला बाजाराचा भाव म्हटलं.’

दीड महिना हे चाललं. जूनच्या शेवटी पहिल्या पानावर तळाशी, दोन कॉलममध्ये, मजकूर आला. मुहूर्ताचा भाव किती बंड्यांना मिळाला होता, त्याच दिवशीचा सर्वसाधारण दर काय होता, हे मथळ्यात यायला हवं होतं आणि आलं नाही, इतकंच. क्षमस्व हा शब्द भाऊंनी लिहिला होता, तो वरून काढला गेला. मला आजही वाटतं, तो ठेवायला हवा होता. आणि तो जूनमध्ये नव्हे, डिसेंबरमध्ये हवा होता, जेव्हा कापूस अजून विकता येत होता.

तक्ताही बदलला. आधी किमान आणि कमाल असे दोनच दर जात. वाचणाऱ्याचा डोळा कमालवर जातो, तसा तो माझाही गेला होता. कमाल दर एखाद्या ट्रॉलीचा असू शकतो. भाऊंनी आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण असे चारही रकाने घेतले, सर्वसाधारण ठळक केला, शेजारी त्या वर्षाचा हमीभाव आणि मागच्या आठवड्याचा सर्वसाधारण दर. पाचवा रकाना त्यांना ओलाव्याचा हवा होता. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, त्यापुढे माल परत. ओलावा ठाऊक नसेल तर दोन बाजारांची तुलनाच फसवी होते. पण हा आकडा रोज कोण देणार? वार्ताहरांनी दोन महिने विचारून पाठवला, मग येणं बंद झालं. तो रकाना बंद पडला, अजून बंदच आहे.

२०२३च्या मुहूर्ताला नवा नियम लागला: मुहूर्ताचा भाव मथळ्यात नाही, फोटोखाली, आणि किती क्विंटलला मिळाला ते सोबत. सभापतींचा फोन आला, नाराजी होती. व्यापाऱ्यांची जाहिरात त्या वर्षी दुसरीकडे गेली. इथे भाऊंचं चुकलं असं मला वाटतं. तालुक्याच्या वार्ताहराशी ते आधी बोललेच नव्हते. तो कार्यालयात येऊन म्हणाला, ‘भाऊ, नियम तुमचा, पण दिवाळी माझी गेली.’ भाऊंकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मालकांकडे त्याच्या मानधनाचा विषय काढला, तो तिथेच राहिला. तत्त्व पाळायचा खर्च सगळ्यात कमी कमावणाऱ्याच्या अंगावर पडला, आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत तो बहुतेक वेळा तिथेच पडतो. वार्ताहराला पगार असता तर या प्रकरणातली अर्धी गुंतागुंत उरलीच नसती.

पुढचा हंगाम

२०२३-२४ला लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० होता. डिसेंबर-जानेवारीत बाजार त्याच्याही खाली गेला. आदल्या वर्षी पोळलेले लोक थांबले नाहीत, मिळेल त्या भावात विकून मोकळे झाले. फेब्रुवारीच्या अखेरीस न्यूयॉर्कची रुई एक डॉलरच्या वर गेली आणि मार्चमध्ये आपल्याकडेही भाव साडेसातच्या पुढे सरकला.

तेव्हा दुसरा एक शेतकरी आला. याच्याकडे कात्रण नव्हतं, राग होता. ‘तुमी मागच्या साली लिवलं का मोठ्या भावाच्या भरवशावर राहू नका. मी नाई राह्यलो. आता?’

भाऊंनी तसं लिहिलं नव्हतं. मी जुने अंक काढून पाहिले, ‘थांबू नका’ असं वाक्य कुठेच नव्हतं. पण जूनचा खुलासा, तक्त्यातला ठळक आकडा, फोटोखालची बारीक ओळ, या सगळ्यांतून लोकांनी सल्ला वाचला होता. भाऊ त्या दिवशी फार थकलेले दिसले. संध्याकाळी चहा पिताना मला म्हणाले, ‘अरे, आपण काहीच नाही सांगितलं तरी ते ऐकतात.’ त्यानंतर त्यांनी तक्त्याखाली रोज दोन ओळी सुरू केल्या. एका ओळीत काल भाव का हलला, दुसरीत पुढच्या आठवड्यात काय ठरायचं आहे: सीसीआयचं केंद्र, शुल्काची मुदत, न्यूयॉर्क. वर जाईल, खाली जाईल हे शब्द त्यांनी स्वतःला वर्ज्य केले.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. पान माझ्याकडे आलं.

१९ ऑगस्ट २०२५ची संध्याकाळ. पोळा तीन दिवसांवर. केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क त्या दिवसापासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केल्याची बातमी आली, पुढे ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. नव्या उपसंपादक मुलीने मथळा लावला: ‘आयात खुली, कापूस कोसळणार’. नऊ वाजून गेले होते. मी उठून तिच्या टेबलापर्यंत गेलो. तिने विचारलं, ‘सर, पडणार नाही का मग?’ मी म्हटलं, मला नाही माहीत. पडेलही. ‘कोसळणार’ काढलं. शुल्क किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, यंदाचा हमीभाव ८,११० रुपये, आणि नवा कापूस बाजारात यायला अजून महिना-दीड महिना आहे, एवढं ठेवलं.

साडेनऊला पान सुटलं. भाऊंना फोन केला तर ते बैलांना खांदशेकणीसाठी हळद आणायला गावात गेले होते. वहिनींनी उचलला. त्यांनी आधी हेच विचारलं, ‘आपला कापूस संक्रांतीनंतरच विकायचा ना या वर्षीही?’